भेटीची बातमी

"ही बातमी नाही," असं म्हणून समिधा मॅडमनी सुरभीचा मोबाइल तिला परत दिला.

मोबाइलवर एका बाईचा फोटो होता. हिरवी साडी, हातात चुडा, ओठांवर अर्धवट हसू. फोटो एका बाजूने कापलेला होता.

कर्जतच्या कॉलेजात पत्रकारितेच्या वर्गाला त्या आठवड्यात एकच काम होतं. प्रत्येकाने एक चालू बातमी आणायची आणि ती बातमी का ठरली ते सांगायचं. रुद्रने पळसदरीच्या धरणात सापडलेल्या अनोळखी बाईची चार ओळींची बातमी आणली. मुलांनी ती वर्गाच्या यूट्यूब चॅनेलवरही टाकली. तीच बघून साईराज दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभा राहिला.

तो पोशीरचा. त्याची बहीण सोनाली होळीनंतर घरातून गेली होती. धरणातली बाई तीच असेल, या धास्तीने त्याने सुरभी आणि रुद्रला गाठलं होतं. तिघं तिथे उभे असतानाच रुद्रला फोन आला. मृत बाईची ओळख पटली होती, ती खालापूरकडची कुणी म्हातारी होती. ते ऐकताच साईराज फाटकाला टेकून खाली बसला. सुरभीने त्याला पाणी दिलं.

"आमी दोघंच," तो म्हणाला. "आईबाप नाय. तिचा नवरा गेला, तवापासून घुमीच झाली. कुटं असंल काय म्हाईत."

पोलिसांत तक्रार दिली का, असं रुद्रने विचारलं. बाईमाणसाचं नाव चौकीत गेलं की गावाची तोंडं सुटतात, असं साईराजचं म्हणणं. त्याने आपलं आपणच शोधलं होतं, पार पनवेलपर्यंत.

त्याने दिलेला फोटो दाखवत हे सगळं सुरभीने वर्गात सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या की एक सज्ञान बाई घरातून निघून गेली, एवढंच आपल्याला ठाऊक आहे, आणि तेही एकाच माणसाच्या तोंडून. आधी तक्रार होऊ दे.

"धरणात सापडली असती तर ती बातमी होती," सुरभी म्हणाली. "जिवंत आहे म्हणून नाही?"

मॅडम एवढंच म्हणाल्या, "तक्रार आणायला सांग त्याला. मग बघू."

सुरभीला रात्रभर तो फाटकाशी बसलेला माणूस दिसत राहिला. सकाळी तिने कुणालाही न विचारता सोनालीचा फोटो चॅनेलवर टाकला. मागे स्वतःचा आवाज दिला. 'ताई, तुझा भाऊ तुझी वाट बघतोय.' दुपारपर्यंत तो व्हिडिओ नेरळपासून खोपोलीपर्यंत फिरला. एका टेंपोवाल्याने खाली लिहिलं, कुंभिवलीला हायवेच्या कडेला या बाईच्या हातची भाकरी खाल्लीय.

तिने साईराजला फोन लावला. कुठली टपरी, एवढंच त्याने विचारलं. आधी आम्ही बघून येतो, तीच असली तर लोकेशन पाठवते, असं सुरभीने सांगितलं.

रुद्रच्या गाडीवर मागे बसून ती मनात मथळे जुळवत होती. पण चौक फाटा ओलांडला तशी ती मथळे विसरली. बाई दुसरीच निघाली तर? आपल्याला बघून पळाली तर? मॅडमना कळवू या, असं रुद्र दोनदा म्हणाला. भेट झाल्यावर कळवू, ती म्हणाली.

टायर पंक्चरच्या दुकानाला लागून पत्र्याची शेड होती. आत एक किडकिडीत बाई भाकऱ्या थापत होती. तिच्या भुवईवर टाके घातलेला व्रण होता, तो फोटोत नव्हता, म्हणून सुरभीला खात्री व्हायला वेळ लागला. पण तीच होती.

सुरभीने लोकेशन पाठवलं. 'निघालो,' लगेच उत्तर आलं.

भेट कॅमेऱ्यात यायला हवी होती. रुद्र बाहेर रस्त्याच्या कडेला मोबाइल धरून उभा राहिला. सुरभीने चहा मागवला आणि ती बसून राहिली. चहा निवला. हायवेवरची एखादी मोटारसायकल हळू झाली की बाईचा हात थांबायचा, मान वर व्हायची. गाडी पुढे गेली की पुन्हा भाकरी. ती वाट बघतेय भावाची, असं सुरभीला वाटलं आणि तिला राहवेना.

ती चुलीजवळ गेली. "सोनालीताई?"

बाईचा हात पिठातच राहिला. "हितं मला या नावानं कुनी वळखत नाय," ती म्हणाली. "तुला कुनी सांगितलं, बाय?"

सुरभीने तिला घाबरू नका म्हटलं. मग सगळं सांगून टाकलं. मिस्टर गेल्यावर तुम्ही घर सोडलंत, ते कळलंय. तुमचे दादा तुमच्यासाठी वेडे झालेत. पोशीरहून निघालेत, आता येतीलच.

सोनालीने त्याचं वर्णन विचारलं. उंच, जरा पोक काढून चालतो, दाढी राखलीय, सुरभी म्हणाली.

सोनालीने हातातला गोळा परातीत ठेवला. चुलीतलं लाकूड मागे ओढलं. बाहेर एक मोटारसायकल थांबली, आणि रुद्रने मोबाइल वर धरून हाक दिली, "आला गं."

सोनाली दाराकडे बघत होती. तिचा आवाज अगदी खाली गेला.

"मला भाऊ नाय," ती म्हणाली. "आन् माजा नवरा मेलेला नाय."