शिकारीचा रस्सा

सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, पण यंदाचा मूस, ते घोड्याएवढं हरीण, माझ्या पाठीमागे उभा होता आणि मी समोर गोळी झाडून त्याला पाडला.

आमच्याकडे हंगाम सरला की आम्ही शिकारी गावच्या जमीनमालकांना सभागृहात बोलावून मूस हरणाचा रस्सा जेवू घालतो, आणि जेवता जेवता पुढच्या वर्षी त्यांच्या जंगलात शिरायची परवानगी मागतो. निम्मं जंगल एकट्या टेक्लाबाईंचं. त्या नाही म्हणाल्या की आमच्या बंदुका खुंटीला. म्हणून त्यांना मी स्वतः वाढत होतो: रस्सा, बटाटे, काळा पाव आणि सोबत ही हकिगत.

"गोळी खडकावर आपटली, उलटी फिरली, माझ्या टोपीला भोक पाडून गेली आणि थेट त्याच्या कपाळात!"

"टोपी कुठाय?"

"बायको शिवतेय."

टेक्लाबाईंनी रश्श्यात चमचा फिरवला आणि वर तरंगणारी चरबी नीट न्याहाळली.

"आर्वो, तीस वर्षं तुमचा मूस चावतेय मी. चिवट, कोरडं मटण. त्यात औषधालाही चरबी नसते. हे डुक्कर आहे, मेल्या!"

सभागृहातले सगळे चमचे थांबले. टेक्लाबाईंनी वाडगा तोंडाला लावून रिकामा केला आणि माझ्यापुढे धरला.



"वाढ आणखी. जंगल पुढच्या वर्षीही तुमचंच. फक्त नेम असाच चुकू दे."