बाहीचं पान

पुस्तक हातात घेतल्याबरोबर तिला ते हलकं लागलं. सही करायला तिने पेनाचं टोपण काढलं होतं, ते तसंच हातात राहिलं. मुखपृष्ठ निळं, पुस्तकाचं नाव तेच, तिचं नावही ठळक छापलेलं. फक्त तळाशी, मुंगीच्या डोळ्याएवढ्या अक्षरांत दोन शब्द होते : थोडक्यात सारांश.

टेबलावर अशा पुस्तकांची चळत होती आणि ती सगळी मावशीने विकत घेतली होती. फुकटातली प्रत मला नको, असं तिने भाचीला आधीच बजावलं होतं. घरचीच माणसं फुकट वाचायला लागली तर पुस्तक खपायचं कसं? म्हणून तिने शेजारणीला मोबाइलवर शोधायला लावलं, पुस्तकं विकणाऱ्या साइटवर जे सगळ्यात वर दिसलं ते घेतलं, आणि घेतलं ते इमारतीतल्या सगळ्या बायकांना पुरेल एवढं. आता त्या बायका बाहेरच्या खोलीत, मिळेल त्या खुर्चीवर चहाचे कप सांभाळत बसल्या होत्या. मावशी ठेवणीतले कपडे घालून मिरवत होती. लेखिका सह्या करणार होती आणि थोडं वाचूनही दाखवणार होती.

भाचीचं डोकं भणाणलं. हे सारांशाचं भूत तिच्या ओळखीचं होतं. तिचं पुस्तक येऊन आठवडा होतो न होतो तोच ते साइटवर उगवलं होतं, तिच्या पुस्तकाच्या निम्म्या किमतीत आणि यादीत त्याच्याही वरती. कुणी लिहिलं, पत्ता नाही. बहुधा कुणी लिहिलंच नव्हतं, यंत्राने उपसलं होतं. तिने तक्रारीवर तक्रारी केल्या. दर वेळी चहा निवायच्या आत उत्तर यायचं, की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. प्रकाशकाने हात वर केले. निम्मा खप तिथूनच होतो, त्यांच्याशी वाकडं घेऊन जायचं कुठे, असं त्याचं म्हणणं. आपण वर्षानुवर्षं रक्त आटवायचं, चोराने आपल्याच उंबरठ्यावर दुकान थाटायचं, आणि वर त्याच्या मालावर आपणच सही करायची.

तिने मधलंच एक पान उघडलं. 'लेखिकेच्या आईने शिवणकाम करून घर चालवले. यातून आपल्याला काटकसरीचे महत्त्व समजते.' झालं. आई दोन वाक्यांत उरकली होती.

"मी दोनदा वाचलं," मावशी जवळ सरकून हळूच म्हणाली. "छान आहे. सोपं लिहिलंयस." मग जरा थांबून, "कोटाचं गाळलंस ना? बरं केलंस. लोकांना काय त्याचं."

भाचीने पुस्तक मिटलं. कोटाची गोष्ट मावशीने जन्मात एकदाच सांगितली होती, तीही तिलाच. एवढं मात्र लिही, म्हणाली होती. आई गेल्यावर ती सांगणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, आणि त्या एका प्रकरणासाठीच तर तिने हे पुस्तक लिहायला घेतलं होतं. मावशीने दोनदा वाचलं म्हणजे दोनदा शोधलं, आणि मग मुकाट्याने स्वतःची समजूत घातली.

खरं सांगावं, तर एवढ्या बायकांत मावशीचं हसं होणार. नंतर कानात सांगावं, तर उद्या ती दारोदार माफी मागत प्रती परत गोळा करीत फिरणार. बाई तसलीच होती. आणि गप्प बसावं, तर भाचीला आपल्या बहिणीची गोष्ट फालतू वाटली, हे मनात घेऊन ती मरणार.

"वाचा ना आता," शेजारीण म्हणाली. सगळ्यांनी पुस्तकं उघडली.

तिने ते हलकं पुस्तक मधोमध उघडून समोर धरलं आणि त्याच्याकडे न बघता सुरुवात केली. ते प्रकरण तिने इतक्यांदा खोडून लिहिलं होतं, की तोंडपाठ होतं.

"दोघी बहिणींत मिळून कोट एकच होता. थोरली बुटकी, धाकटी उंच. थोरलीला बाहेर जायचं असलं की ती बाह्या आत दुमडून टाके घालायची. धाकटीची पाळी आली की टाके उसवून बाह्या परत लांब करायची. बाहीच्या कडेला सुईच्या भोकांची रांग पडली होती."

पानं उलटल्याचा आवाज येऊ लागला. कुणी पुढे गेली, कुणी मागे. तळमजल्यावरची बाई अनुक्रमणिकेवरून बोट फिरवायला लागली.

"कितवं पान म्हणालात?" शेजारणीने विचारलं.

ती थांबली नाही.

"दवाखान्यात जायच्या दिवशी थोरलीने कोट मागून घेतला. धाकटीला वाटलं, अंगात घालणार. तर तिने कात्री घेऊन दोन्ही बाह्यांचे टाके उसवले, वरून इस्त्री फिरवली आणि कोट खुंटीला लावला. म्हणाली, आता परत दुमडायला नकोत."

"आमच्यात हे पानच नाही," शेजारीण कुरकुरली आणि शेजारच्या बाईच्या पुस्तकात डोकावली. "यांच्यातही नाही. मधलं गाळलंय वाटतं."

मावशीने आपली प्रत केव्हाच मिटली होती. पुस्तक मांडीवर होतं, आणि उजव्या हाताने तिने डावं मनगट धरलं होतं, बाही जिथे संपते तिथे.

"पुस्तकं मिटा गं सगळ्या," ती म्हणाली. "तिला वाचू दे."