बरा कोपरा

बँड मोडल्यावर मीरासाब क्लॅरोनेट वाजवून पोट भरायला एखादा बरा कोपरा शोधू लागला. शिवाजी पेठेत त्यानं वाजवायला घेताच समोरच्या घरातल्या पारूबाई दारात आल्या.

“वरात कुणाची, पावणं?”

“कुणाची न्हाई, मावशी. नुस्तंच वाजवतोय. ऐका की.”

“नुस्तंच?” पारूबाईंनी त्याच्या पाठीमागे घोडा दिसतो का पाहिलं आणि दार लावून घेतलं.

मंगळवार पेठेत तेच झालं, शाहूपुरीतही तेच. आपण वाजवतो ते बरं की वाईट, हेच त्याला कळेना.

चौथ्या कोपऱ्यावर कुणी विचारायच्या आत तोच म्हणाला, “वरात मागनं येतीया.”

दिवेलागणीपर्यंत माणसं उभी राहून ऐकत होती. वाजवता वाजवता मीरासाबही मधूनच मागे वळून बघत होता.