डाव्या कोपऱ्यात

"हाही नाही," बाबा म्हणाले. "पुढचा दाखव."

मुलीनं पुढचा दाखवला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दुधाचं पातेलं आलं, सायीवर एक बारीक सुरकुती. मग दोरीवर वाळणारे मोजे. मग पायपुसण्यावर झोपलेली शेजाऱ्यांची मांजर. मग वर्तमानपत्रावर उलटा पडलेला बाबांचा चष्मा. आईनं काढलेले हजारो फोटो होते आणि त्यातल्या एकातही आई नव्हती.

आई गेल्याला दोन महिने होत आले होते. बाबांना टेबलावर ठेवायला तिचा एक फोटो हवा होता. लग्नातला चालत नव्हता. "त्या मुलीशी माझी धड ओळखसुद्धा नव्हती," असं त्यांचं म्हणणं. ओळखपत्रावरचा तर मुळीच नको. त्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसत होती. त्यांना रोजची हवी होती, घरातली.

घरातली आई मात्र कायम कॅमेऱ्याच्या मागे. तिचं म्हणून फोटोत एवढंच यायचं, खाली डाव्या कोपऱ्यात एक गुलाबी ढग. तिचं बोट. तिच्या छोट्या कॅमेऱ्याचा मागचा पडदा केव्हाच काळा पडला होता. ती वरच्या इवल्याशा काचेला डोळा लावून फोटो काढायची, आणि त्या काचेतून बोट दिसायचं नाही. फोटो कॉम्प्युटरवर उतरले की बाबा ओरडायचे, "आल्या बाईसाहेब!"

"बोटच आलंय ना?" आई आतून म्हणायची. "अख्खी आले असते तर काय केलं असतंत?"

आज एवढे फोटो झाले, पण बाबा ते एकदाही म्हणाले नव्हते.

मुलगीही फोटोच काढायची, पण पोटासाठी. नळ, शॉवर, दारांच्या मुठी. कंपन्यांच्या कॅटलॉगसाठी. चकचकीत नळात अख्खी खोली उमटते. म्हणून ती नळाभोवती पांढरे कागद उभे करायची, स्वतः काळे कपडे घालायची, आणि तरीही कुठे काही उमटलंच तर नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकायची. त्या कामातला पहिला नियमच होता, फोटो काढणारा दिसता कामा नये. घरी आल्यावर तिला कॅमेऱ्याचं तोंडही बघायला नको वाटायचं. "मोज्यांचे कसले फोटो काढतेस गं?" ती आईला विचारायची. आईचं उत्तर ठरलेलं. "असाच काढला. छान दिसत होते."

शेवटचा फोटो आला आणि गेला. खिडकीतली कुंडी होती. बाबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"राहू दे. नसेलच," ते म्हणाले आणि चहा टाकायला उठले.

आईचा कॅमेरा टेबलावरच होता. मुलीनं बटण दाबलं. तो सुरू झाला आणि लगेच बंद पडला. तिनं उलटा करून पाहिला. खालच्या झाकणाची खिट्टी तुटलेली होती, सेल सुटत होते. डाव्या हाताच्या बोटानं झाकण खालून दाबून धरलं तेव्हा कुठे स्वारी चालू राहिली. म्हणजे आई हा असा धरायची. "नवा घेऊन देते," असं मुलगी कितीदा म्हणाली होती. "याला काय धाड भरलीय?" म्हणून आईनं दर वेळी विषय संपवला होता.

झाकण तसंच दाबून तिनं काचेला डोळा लावला आणि ती स्वयंपाकघराच्या दारात गेली.

समोर ओट्यावरचा नळ होता. गळका, जुना. तोंडाशी एक थेंब फुगत होता. नळाच्या वळणात सगळं स्वयंपाकघर वाकून बसलं होतं. पिवळी खिडकी, गॅसची निळी ज्योत, पातेल्यावर ओणवे झालेले बाबा, आणि दारात कॅमेरा धरलेली ती स्वतः. कामावर यातलं एकूण एक तिनं पुसलं असतं. आता ती नुसती बघत राहिली. किती वर्षांनी ती एखादी गोष्ट विकायची नसताना बघत होती. थेंब पुरता फुगेपर्यंत ती थांबली. तिला कसलीच घाई नव्हती. आपण हसतो आहोत, हे तिच्या जरा उशिरानं लक्षात आलं.

तिनं बटण दाबलं. मग वाफेचा एक काढला. मग बाबांच्या कोपराचा.

"काय चाललंय?" बाबांनी मागे वळून विचारलं.

"काही नाही. असाच काढला," ती म्हणाली. "छान दिसत होतं."

बाबा गाळणी हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. चहा उतू जायला आला तेव्हा भानावर आले.

कपबशा घेऊन दोघं परत कॉम्प्युटरपुढे बसले. तिनं नवे फोटो उतरवले. पहिला नळाचाच आला. जरासा तिरका, थेंब थोडा हललेला. आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक गुलाबी ढग.

तिचा हात सवयीनं माऊसवर गेला. कोपरा कापायची चौकट तिनं आखलीसुद्धा.

"अगं अगं, कापतेस काय?" बाबांनी तिचं मनगट धरलं. ते पडद्यावर इतके वाकले होते की चहा बशीत सांडला. त्यांनी नळाच्या वळणावर बोट ठेवलं. "हा मी. ही तू." मग बोट हळूहळू डावीकडे सरकत कोपऱ्यात गेलं. "हाच दे मला टेबलावर ठेवायला. आल्या की बाईसाहेब!"