शेवटचा घोट

"पोरीच्या डोक्यावर हात ठेव आणि सांग," मालन नवऱ्याला म्हणाली.

गुणाजीने नंदाच्या डोक्यावर हात ठेवला. पोर तिसरीतली, एक वेणी घातलेली, एक सुटलेली. "हिची शपथ. दारूचा थेंब कधी तोंडाला लावला नाय."

असल्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार? सकाळीच कल्याणच्या डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं, लिव्हरवर चरबी चढलीये, दारू सोड. काढलेलं रक्त नळीत ठेवलं, तर वर दुधासारखा पांढरा थर आला. मालनने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्यात गुणाजीचा बाप भिवाजी पिऊन पिऊनच गेलेला, हे आंबिवलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. खाण तशी माती! आणि हा रोज संध्याकाळी कारखान्यातून लाल डोळे घेऊन यायचा. म्हणे रंगाची वाफ लागते. म्हणे!

महिना उलटला नाही तोच नंदाच्या पोटात कळा सुरू झाल्या. पोर जमिनीवर गडबडा लोळायची.

"खोटी शपथ पोरीवर फिरली," जनाबाई म्हणाली. ती गुणाजीची सख्खी आई. "नवऱ्यापायी माझा जन्म जळला. आता नात बी जाते का काय! मेल्या, खरं बोल."

"खरंच बोलतोय, आये."

तो सांगून सांगून थकला. मग एका सकाळी नंदाचं ओरडणंही थांबलं. ती नुसती डोळे मिटून कण्हत पडली. तेव्हा गुणाजी आईच्या पायाशी जाऊन बसला.

"पितो मी," तो म्हणाला. "सोडवा तिला."

त्यांच्या आळीची रीत जुनी होती. गावदेवीसमोर सगळ्यांदेखत कबुली द्यायची, देवीला बाटली वाहायची आणि तिच्यातला शेवटचा घोट बायकोच्या हातून प्यायचा. मग बाटली तिथेच फोडायची. शपथ फिरलेल्या पोराला देवीचा कौल मिळेपर्यंत नुसती भाताची पेज.

मालनने पेला त्याच्या ओठांना लावला. गुणाजीला असा ठसका लागला की नाकातून दारू आली, डोळे पाण्याने भरले.

"वा रे वा! नाटकात काम कर!" शेजारचा शिवराम ओरडला. आळी फिदीफिदी हसली.

पण देवी पावली! पेजेवर पोर आठवड्याभरात उठून बसली, खेळायला लागली. जनाबाईने साखर वाटली.

बाटली फुटली, व्यसन काही सुटलं नाही. आधी निदान लपवून प्यायचा, आता उघड्यावर झोकांड्या खात यायला लागला. मालनने जाब विचारला तर म्हणाला, "आता काय लपवायचं? सगळ्यांनी पाहिलंय ना!" पुढच्या दिवाळीआधी पोट धरून, ओकाऱ्या करत तो गेला. बापासारखाच गेला, असं म्हणतच आळीने त्याला उचललं. मालनच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. पोरीच्या डोक्यावर खोटा हात ठेवणाऱ्यासाठी काय रडायचं?

तेराव्याच्या गोड जेवणात नंदाने पोटभर पुऱ्या आणि बासुंदी खाल्ली. त्याच रात्री कळा परत आल्या. आता देवीपुढे कबुली द्यायला घरात कुणी उरलं नव्हतं. मालन पोरीला घेऊन ठाण्याच्या दवाखान्यात आली.

डॉक्टरीणबाईंनी दुपारी रक्ताची नळी उजेडात धरली. वर पांढरा थर होता.

"लिव्हरही चरबीने सुजलंय," त्या म्हणाल्या. "असं घरात आणखी कुणाला होतं?"

"हिच्या बापाला. सासऱ्यालाही. पण ते दारूचं."

"बाई, ही पोर काय दारू पिते?"

मालनने पोरीला जवळ ओढलं.

"हे जन्माचं दुखणं. रक्तातली चरबी पचत नाही, मग अशी दुधासारखी वर येते. बापाकडून लेकीला आलंय. तेल-तूप तोडा, पोर जगेल. आणि मोठी झाल्यावरही दारूला शिवू देऊ नका, अशा माणसाला ती विषच." त्यांनी कागद पुढे ओढला. "हिचे वडील कधीपासून प्यायचे?"

मालन त्या नळीकडे बघत राहिली.

"मी पाजली तेव्हापासून," ती म्हणाली.