थांबवलेलं औषध

संधिवाताच्या नव्या औषधाने बोटं मोकळी झाल्यावर कुमुदताई कित्येक वर्षांनी करंज्यांना मुरड घालत होत्या. तेवढ्यात तब्येतीवर लक्ष ठेवायला दंडात बसवलेली चिप बोलली, "आजपासून औषध बंद करा."

त्यांनी लगेच मुलीला फोन लावला. हे औषध शर्वरीनेच शोधलं होतं.

"आई, तू ठीक आहेस. पण काही रुग्णांचं यकृत सुजायला लागल्याचं त्यांच्या चिपनी कळवलंय. त्यांना स्वतःला अजून काही जाणवतही नाहीये. म्हणून मी सगळ्यांचंच थांबवलं." शर्वरी म्हणाली. "तुझी बोटं पुन्हा आखडतील गं."

"आखडू देत. तू योग्य तेच केलंस."

संध्याकाळी तेच औषध घेणारे शेजारचे पाटणकर चिडून आले. "एवढं लागू पडलेलं औषध बंद कुणी केलं?"

"माझ्या मुलीने," कुमुदताई ताठ मानेने म्हणाल्या. "शोधलंही तिनेच."