एक नंबर मोठं

सदर बाजारातल्या दुकानात शेखरने मंजिरीच्या डोक्यावरचं मोटोक्रॉस बाइक-रेसचं हेल्मेट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं. ते जरासुद्धा सरकलं नाही. हनुवटीखालच्या पट्ट्यात त्याचं जेमतेम एक बोट शिरलं.

“बाबा, गाल दबून राहिले.”

“दबू दे. नाहीतर रेस सोड.”

“रेस नाही सोडणार.”

पोरीला लाख समजावून झालं होतं. आता त्याच्या हाती एवढं मापच उरलं होतं.

दुकानदार हसला. “भैया, बच्ची बढ़ रही है. एक नंबर बड़ा ले लो, दो साल चलेगा.”

शेखर हिंदी विसरून म्हणाला, “हिच्या दादाले तसंच घेतलं होतं, वाढत्या मापाचं. बाइकच्या पहिल्याच उडीत डोक्यावरून निघालं. तो तेवढा झालाच नाही.”